बँक बरी आहे ना, भाऊजी?

तिला आम्ही सगळे बँक म्हणायचो. ती बँक नव्हती, पतसंस्था होती, आणि त्यात फरक असतो हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. करोलबागेत कपड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना, आत तीन टेबलं आणि काउंटरमागे मराठी बोलणारा कारकून. दिल्लीत नोकरीला आलेल्या आमच्यासारख्यांना तेवढं पुरायचं. सरकारी बँकेत फॉर्म चुकला की बाबू हिंदीत खेकसायचा. इथला कारकून फॉर्म स्वतः भरून द्यायचा आणि वर विचारायचा, वहिनींचे गुडघे कसे आहेत आता? अशा माणसाकडे पैसे ठेवताना कोण कागद बघतो?

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात दफ्तरी होतो. फायली शिवायच्या, बांधायच्या, या मजल्यावरून त्या मजल्यावर न्यायच्या. शिक्षण सातवी. फायलीत काय लिहिलंय हे बघायचं माझं काम नव्हतं आणि मी बघितलंही नाही. आमची बायको सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये बसून साड्यांना फॉल-पिको करायची. आसपासच्या बंगाली, पंजाबी, मद्रासी बायका, सगळ्या तिच्याकडे यायच्या. ते पैसे ती बँकेत टाकायची. माझ्या पगाराला तिने घर चालवलं आणि तिच्या कमाईला कधी हात लावू दिला नाही. कशासाठी ठेवलेत विचारलं तर म्हणायची, "असू द्यात. तुमच्यानंतर मला कुणी विचारलं नाही तर?" माझ्यानंतर! झालं उलटंच.

ती गेली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

बँकेच्या वार्षिक सभेत त्या वर्षी गडबड झाली. एरवी सभा म्हणजे साबुदाणा वडे, अध्यक्षांचं भाषण, लाभांश आणि जाताना प्रत्येकाला स्टीलचा डबा. त्या वेळी एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "डबा नको. माझी ठेव केव्हाच पिकलीय, ती द्या. आज या, उद्या या, किती चकरा मारू?" तो बोलला आणि मग आणखी पाचसहा जण बोलले. शेवटी ठरलं की तिघांनी बँकेची तब्येत तपासायची आणि विशेष सभेत सांगायचं. एक, चार्टर्ड अकाउंटंट झालेली एका सभासदाची मुलगी, गुरुग्रामला मोठ्या कंपनीत होती. दुसरे एक रिटायर्ड सेक्शन ऑफिसर. तिसरा साधा सभासद हवा म्हणून मी. मला कशाला घेतलं हे मला ठाऊक होतं. बायको गेल्यापासून मी कुणाशी बोलत नव्हतो. गप्प बसणारा माणूस त्यांना बरा वाटला असणार.

सेक्शन ऑफिसर पहिल्या दिवशी चहा पिऊन गेले ते परत आलेच नाहीत. राहिलो मी आणि ती मुलगी. ती शनिवारी गाडीने यायची, मी दिलशाद गार्डनहून दोनदा मेट्रो बदलून. तिचं मराठी दिल्लीत वाढलेल्या पोरांचं.

"काका, यांची तर एक पण इन्स्टॉलमेंट चुकलेली नाही," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "सगळं बिल्कुल क्लीन. एवढं क्लीन तर आमच्या कंपनीचं पण नाही."

"मग चांगलं आहे ना?"

"चांगलं कसं? एवढ्या लोकांमध्ये कुणाची नोकरी गेली नाही? कुणी मेलं नाही?"

मग ती नावं वाचायला लागली आणि मी सांगायला लागलो. माझा तिथे एवढाच उपयोग होता, की मी या सगळ्यांच्या लग्नांना, बारशांना आणि निगमबोधच्या स्मशानघाटावर गेलेलो होतो.

"हे?"

"गेले."

"कुठे, महाराष्ट्रात?"

"वर."

"मतलब?"

"मेले, बेटा."

तिने त्या नावावर बोट ठेवलं. "काका, यांनी तर मार्चमध्ये नवीन लोन घेतलंय."

तेव्हा तिने मला समजावलं. मी तीनदा विचारलं तेव्हा डोक्यात शिरलं. एखाद्याने कर्ज घेतलं आणि फेडलं नाही, की मार्च संपायच्या आत बँक त्याच्या नावावर नवं कर्ज काढायची. त्यातून जुनं फिटलं असं लिहायचं, त्यातूनच व्याजही कापून घ्यायचं. म्हणजे बाहेरून एक रुपया न येता कर्ज फिटलं, व्याज आलं आणि नफाही झाला. त्या नफ्यातून आम्हाला लाभांश आणि डबे. "तुमचेच पैसे तुम्हाला दिले, काका," ती म्हणाली. "आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या."

मी म्हटलं, "वाजवल्या खऱ्या. वडेपण खाल्ले."

कारकुनाला विचारलं, असं का करत होता? तो काही चोर नव्हता. दोन खोल्यांच्या घरात राहणारा माणूस. म्हणाला, "आपल्या माणसाला थकबाकीदार कसं लिहायचं? नोटीस पाठवायची तर ती त्याच्या ऑफिसात जाणार, सगळ्यांच्या समोर फुटणार. अब्रू जाते हो माणसाची. पुढच्या वर्षी देतो म्हणायचे, मी थांबायचो." त्याने एकट्याने नव्हतं केलं. अध्यक्षांना माहीत होतं, त्यांच्या आधीच्या अध्यक्षांनाही.

"ठीक आहे, पण जामीनदार आहेत ना?" मुलगी म्हणाली. "प्रत्येक लोनला दोन. त्यांच्याकडून घेऊ."

मला हसू आलं. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो असेन, आणि तेही असल्या गोष्टीवर. मी तिला गणपतीचं सांगितलं. दिल्लीत आपली माणसं एरवी चार दिशांना. कुणी नोएडा, कुणी द्वारका, कुणी फरीदाबाद. सगळी एका जागी भेटतात ती मंडळाच्या मांडवात. म्हणून कारकून कर्जाचे फॉर्म घेऊन मांडवातच बसायचा, प्रसादाच्या टेबलाशेजारी. आरती संपली की ज्याला कर्ज हवं तो एकेकाला खांद्याला धरून आणायचा. जरा सही करा ना. समोर गणपती, मागे बायका-पोरं, हातात मोदक. नाही कोण म्हणेल? आणि आज मी तुला जामीन राहिलो तर उद्या तू मला राहणारच. मी याला, हा त्याला, तो मला.

ती कागदावर नावं लिहून रेघा ओढत गेली. नंतर कागद माझ्यापुढे सरकवला. सगळ्या रेघा फिरून फिरून त्याच माणसांवर येत होत्या. त्यात माझंही नाव होतं. मी ज्याला जामीन होतो तो रिटायर होऊन साताऱ्याकडे गेला होता. फोन उचलत नव्हता.

"म्हणजे जामीनदार कुणीच नाही," ती म्हणाली.

"असं कसं, सगळेच आहेत की."

"तेच तर, काका."

कर्जदारांचे पत्ते तपासायचे म्हणून आम्ही एक दिवस सरोजिनी नगरला गेलो. बऱ्याच पत्त्यांवर क्वार्टरच राहिली नव्हती. सरकारने जुनी वस्ती पाडून टाकलीय, आता तिथे उंच टॉवर उठताहेत. पत्र्याच्या कुंपणाजवळ उभा राहून मी तिला दाखवत होतो, इथे अमुक राहायचा, इथे तमुक. ती फोनमध्ये फोटो काढत होती. कशाचे काढत होती कोण जाणे. क्रेन होती, खड्डा होता. आमचं क्वार्टरही त्याच खड्ड्यात कुठेतरी होतं. शिलाई मशीन ठेवायची ती खिडकी कुठल्या बाजूला येईल हे मी शोधत बसलो, सापडलं नाही.

तपासणी संपत आली तेव्हा मी सरळ विचारलं, "पोरी, डॉक्टरसारखं सांग. जगेल का?"

"आज सगळ्यांनी पैसे मागितले तर दहातल्या दोघांना पण पुरे पडणार नाहीत. विमा पण नाही. बँकेतल्या ठेवीला असतो, पतसंस्थेला नसतो. पण नवीन लोन बंद केली, रिकव्हरी लावली आणि सहकारी संस्थांच्या रजिस्ट्रारकडे जाऊन पैसे काढण्यावर सगळ्यांना सारखी लिमिट बसवून घेतली, तर चारपाच वर्षांत बरंचसं परत मिळेल. मी अर्ज बनवतेय. सभेपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. प्रॉमिस?"

मी कबूल केलं. अध्यक्षांनीही आम्हाला बोलावून तेच सांगितलं, पण त्यांचा सूर वेगळा होता. ते मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते, मी त्यांच्या टेबलावर फायली ठेवलेल्या. त्यामुळे खुर्ची दिली तरी मी उभाच राहिलो. म्हणाले, "हे बघा, पेशंटला असं घाबरवून मारायचं नसतं. आधी उपचार. एकदोन मोठ्या ठेवी येताहेत, त्यातून गाडी रुळावर येईल."

पेशंटचं त्यांनी माझ्यासमोर बोलायला नको होतं.

आमच्या बायकोला पोटात कॅन्सर होता. डॉक्टरने मुलाला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. मुलगा गुरुग्रामला कंपनीत आहे, शिकलेला. तो म्हणाला, बाबा, आईला कळू द्यायचं नाही, ती खचेल. सून तेच म्हणाली, मुलगी फोनवर रडत तेच म्हणाली. सगळे तिच्याशी गोड गोड बोलायला लागले. अल्सर आहे, औषधाने जाईल. मी आठवडाभर बघितलं. मग एक दिवस हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघंच होतो, तिने विचारलं, "अहो, मला नक्की काय झालंय?" मी सांगितलं. मला खोटं बोलायला जमत नाही असं नाही, ऑफिसात पुष्कळ बोललोय. पण तिने माझ्याकडे बघून विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने शिलाई मशीन शेजारच्या पोरीला देऊन टाकलं. मग जेवण कमी केलं, मग जवळजवळ सोडलं. दिवाळीच्या आत गेली. घाटावर मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून तिने हातपाय गाळले." तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. तो खरं बोलला की नाही हे मला आजही माहीत नाही. कधी वाटतं, मी तिचे दोन-चार महिने खाल्ले. कधी वाटतं, त्या गोड बोलणाऱ्यांमध्ये ती एकटी पडली असती.

तर अध्यक्ष म्हणाले तशी एक मोठी ठेव खरोखरच येणार होती. कुणाची, ते मला नंतर कळलं.

आमच्या ऑफिसात एक मराठी बाबू होता, माझ्याहून बराच लहान. नोकरीत असतानाच हार्ट अटॅकने गेला. त्याची बायको, तिला मी वहिनी म्हणायचो, सरोजिनी नगरच्या अजून न पाडलेल्या भागात राहत होती. नवरा गेल्यावर क्वार्टर सोडायला सरकार थोडी मुदत देतं, ती संपत आली होती. मूलबाळ नाही. त्याची ग्रॅच्युइटी, फंड, सगळं मिळून एकरकमी आलं होतं आणि त्यातूनच तिला कुठेतरी डोक्यावर छप्पर घ्यायचं होतं. घर मिळेपर्यंत पैसे ठेवायचे कुठे, एवढाच प्रश्न होता.

रविवारी तिने फोन करून बोलावलं. गेलो. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अध्यक्ष स्वतः येऊन गेले, भाऊजी. विधवा बायकांना अर्धा टक्का जास्त देतात म्हणाले. उद्या फॉर्म घेऊन कारकुनाला पाठवताहेत. मी चेक लिहून ठेवलाय."

मी ओट्यावरचे कप पुढे सरकवले.

"तुम्ही तिथे तपासायला बसता ना? मग तेवढं सांगा. बँक बरी आहे ना, भाऊजी?"

"पोस्टात ठेवा."

"पोस्टात मला कोण ओळखतं? तिथली बाई पेनसुद्धा देत नाही. हे गेले तेव्हा बँकेचा कारकून तेरा दिवस रोज येत होता."

"येत होता ना, चांगला माणूस आहे. तरी पोस्टात ठेवा."

"का पण?"

"वहिनी, का विचारू नका."

"अय्या, असं कसं? दुकानात टोमॅटो घेताना दाबून बघते मी, आणि हे विचारू नको?" ती हसली. मग माझं तोंड बघून हसणं थांबलं. गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली. "भाऊजी, माझ्याकडे हे एवढंच आहे. तुम्हाला माहितीय."

मला मुलीला दिलेला शब्द आठवत होता. शब्द मोडला तर काय होईल याचा अंदाज नव्हता असंही नाही. मी म्हटलं, "बँकेत पैसा नाही. तुम्ही टाकाल तो लगेच दुसऱ्या कुणाला तरी देतील. मग तुम्हाला घरासाठी हवा असेल तेव्हा आणखी कुणीतरी टाकायला हवा. कुणी टाकला नाही तर नाही मिळणार."

"आणि यांनी आधी ठेवलेले?"

"अडकले."

"तुमचे?"

"आमच्या हिचे होते. तेही अडकले."

तिने उठून चेकबुकातून तो चेक काढला आणि चार तुकडे केले. चहा तसाच राहिला. मी निघताना म्हटलं, कुणाला बोलू नका. ती म्हणाली, बरं.

कसलं बरं! तिने नोएडाच्या नणंदेला सांगितलं. तिच्यावर मी रागावलो नाही, सख्खी नणंद, तिचीही ठेव तिथेच. नणंदेच्या नवऱ्याने मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर लिहिलं. बुधवारी सकाळी मी करोलबागेत पोचलो तेव्हा रांग लोखंडी जिन्यावरून उतरून कपड्याच्या दुकानापुढे गेली होती. दुकानदार ओरडत होता, "अरे भाई, रास्ता छोड़ो, ग्राहक कहाँ से आएगा?" वरून कारकून खिडकीतून हात जोडत होता. बारा वाजता रोकड संपली. संध्याकाळी कुलूप लागलं.

अध्यक्षांचा फोन आला. "तुम्हीच ना?"

"हो."

"काय केलंत कळतंय का तुम्हाला? चपराशी तो चपराशीच." फोन बंद.

ते ऐकून मला फारसं वाईट वाटलं नाही. उलट एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याशी मनापासून बोलले. वाईट वाटलं ते त्या मुलीच्या फोनने. ती चिडली नव्हती, थकल्यासारखी बोलत होती.

"काका, एक हफ्ता थांबायला हवं होतं. लिमिट बसली असती तर सगळ्यांना थोडं थोडं मिळालं असतं. आता ज्यांच्याकडे गाड्या होत्या, ज्यांची मुलं व्हॉट्सअॅप बघतात, ते सकाळी आठला आले आणि घेऊन गेले. बसने येणारे दुपारी पोचले."

"तिचा चेक दुसऱ्याच दिवशी जाणार होता, बेटा."

"माहितीय. मला सांगायचं, मी थांबवला असता."

हे मला सुचलंच नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं.

रजिस्ट्रारच्या ऑफिसने प्रशासक नेमला. तो हरियाणवी माणूस, कुणाचा भाऊजी नाही की काका नाही. त्याने पहिल्याच महिन्यात जे आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही ते केलं. कर्जदार सापडत नसेल तर जामीनदाराच्या ठेवीतून वसुली. साताऱ्याच्या माणसाचं कर्ज आमच्या ठेवीतून वळतं झालं. बायकोने वारसदार म्हणून माझं नाव घातलं होतं, म्हणजे ठेव माझी झाली होती, आणि माझी म्हणून गेली. प्रशासकाने सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी केली. मांडवात केली होती, तशीच ही पण केली. फरक इतकाच की या वेळी वाचून केली.

ज्यांची ठेव अडकली ते मला मेट्रोत दिसले तर डबा बदलतात. पहिल्यांदा सभेत उठलेला तो म्हातारा बुधवारी दुपारी पोचला होता. त्याला काहीच मिळालं नाही. तो मात्र भेटला की थांबतो. म्हणतो, "तुम्ही नसतं सांगितलं तरी पैसे गेलेच असते हो." असं म्हणून तो माझी समजूत काढतो की स्वतःची, देव जाणे.

वहिनींना दिल्लीत घर घेणं परवडलं नाही. भंडाऱ्याला भावाजवळ दोन खोल्या मिळाल्या. क्वार्टर सोडायच्या दिवशी मी मदतीला गेलो. सामान टेम्पोत चढवून झालं. रिकाम्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो. मला वाटलं, आता आभार मानेल. नको म्हणायची तयारी करून ठेवली होती.

ती म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? मला सांगितलंत. मग बाकीच्यांना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"विचारत तर सगळेच होते. ते आजोबा तर भर सभेत उठून विचारत होते."

मी खिडकीची कडी लावली. तिने पदर खोचला. खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. कुकरचं झाकण ओट्यावर राहिलं होतं. ते घेऊन मी तिच्या मागे जिना उतरलो.